सोळाचं ॲव्हरेज

८ जून २००८, रविवार

आजपासून दैनंदिनी. पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेल्यापासून इथल्या प्रत्येक मराठी घरात दुसरा विषय नाही. पण सगळे नुसते बोलतात. मी सायकल घेतली. उद्यापासून ऑफिसला सायकलने जाणार. पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकल शिकवावी लागत नाही, ती आमच्या रक्तातच असते. मधली पंचवीस वर्षं ती तिथे नुसती पडून होती, इतकंच.

मालिनीला सांगितलं तर म्हणाली, "हेल्मेट घाल, आणि इन्शुरन्सचे पेपर कुठे आहेत ते सांगून ठेव." बायकोचा पाठिंबा हा असा. लेक ज्ञानदा सतरा वर्षांची आहे. तिने कानातला इअरफोन न काढता "कूल" म्हटलं. मनापासून आनंद झाला तो फक्त सासूबाईंना. त्या मे महिन्यात साताऱ्याहून आल्यात, दिवाळी करून जाणार. "छान केलंत, अवधूतराव. तब्येतीला चांगलं," म्हणाल्या. घरात माझी किंमत कळणारं एक तरी माणूस आहे.

सायकलला छोटा कॉम्प्युटर बसवला. पुढच्या चाकाच्या स्पोकला लोहचुंबक लावायचं आणि समोर दांडीवर सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की चाकाची एक फेरी झाली असं यंत्र धरतं, आणि त्यावरून वेग आणि अंतर दाखवतं. पाकिटात चुंबकं दोन निघाली, एक जास्तीचं. अमेरिकन माणूस ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरून गेला असता. आपल्याला वस्तू वाया घालवायची सवय नाही. दोन्ही समोरासमोर लावली, चाकाचा तोलही राहील. मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. केलेल्या माणसाला एवढंसं यंत्र लावायला सात भाषांतल्या सूचना लागत नाहीत.

९ जून

अर्ध्या तासात ऑफिस. ॲव्हरेज सोळा! मैल, किलोमीटर नव्हे.

एक गंमत झाली. गाडीच्या मीटरवर ऑफिस चार मैल आहे, सायकलवर आठ भरले. मी घरामागच्या तळ्याकाठच्या वाटेने जातो, ती थोडी वळणावळणाची आहे हे खरं, पण दुप्पट? जेवताना विचार केला. गाडी अकरा वर्षांची, कॉम्प्युटर कालचा. नव्या उपकरणावर विश्वास ठेवणं शास्त्राला धरून आहे. म्हणजे इतकी वर्षं गाडी आम्हाला फसवत होती.

१२ जून

आज एका बाईने मला मागे टाकलं. तिच्या सायकलमागे गाडा जोडलेला होता आणि गाड्यात दोन मुलं बसून बिस्किटं खात होती. मी सोळाने जात होतो, म्हणजे ती बाविसाच्या खाली नसणार. दोन पोरं ओढत! या बायकांना लहानपणापासून दूध आणि बीफ मिळतं, त्याचा हा परिणाम. आपण वरणभातावर सोळा काढतो, हे खरं तर जास्त कौतुकाचं आहे.

२५ जून

ऑफिसात डग नावाचा एकजण वर्षानुवर्षं सायकलने येतो. अंगाला चिकटलेले कपडे, बोटावर उचलता येईल अशी सायकल. लिफ्टमध्ये त्याला सहज विचारलं, तुझं ॲव्हरेज काय? म्हणाला, "फिफ्टीन. ऑन अ गुड डे." मी माझं सांगितलं.

"सिक्स्टीन?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं. "ऑन द वन विथ द बास्केट?"

"येस."

"वाव," म्हणाला, आणि मग सहाव्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मत्सर माणसाला असा मुका करतो.

१४ जुलै

आता अडचणींकडे वळू. तळ्याकाठची वाट आमच्या मागच्या दारापासून ऑफिसपार्कपर्यंत जाते, आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर ज्येष्ठांची फलटण असते. सगळ्यांचे आईवडील सहा-सहा महिन्यांसाठी आलेले. साड्या आणि खाली पांढरे बूट, डोक्याला माकडटोप्या (जुलैत!), चौघं-चौघं शेजारी-शेजारी. सर्वांत पुढे पलीकडच्या विक्रमचे वडील नरेंद्रकाका, आणि त्यांच्या बरोबरीने आमच्या सासूबाई. साताऱ्यात त्या रोज अजिंक्यतारा चढून उतरतात म्हणे. प्रत्येक सातारकर असंच सांगतो.

घंटी वाजवली तर बाजूला व्हायचं सोडून ही मंडळी वळून उभी राहतात. "अरे अवधूत! ऑफिसला का?" आता काय, देवळात चाललोय? ब्रेक लावावा लागतो, पाय टेकावा लागतो, आणि ॲव्हरेज साडेपंधरावर येतं. आज नरेंद्रकाकांनी तर दांडी धरून मला थांबवलं आणि विचारलं, "हवा कमी आहे का रे? फार हळू चाललीय." म्हातारपणी नजर जाते ती अशी.

२३ जुलै

आज डबा घरी विसरलो. दहाच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला, खाली गेलो तर सासूबाई डबा घेऊन उभ्या! पदर खोचलेला, चेहरा लालबुंद.

"कशा आलात?"

"चालत. तुमच्या वाटेनेच आले. लांब नाही हो काही."

आठ मैल! मी निघालो सव्वाआठला, त्यांना डबा दिसला नऊच्या आत असं त्या म्हणतात. हे अशक्य आहे. बहात्तर वर्षांची बाई तासाभरात आठ मैल चालत नाही, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. उघड आहे, कुणीतरी गाडीने सोडलं आणि बढाई मारायची संधी साधली. संध्याकाळी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "आई, खरं सांगा, कुणी सोडलं?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय तर सोडलं असेल कुणीतरी," म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. मालिनी माझ्याशी रात्री बोलली नाही. आईचं खोटं उघडं पडलं की मुलीला वाईट वाटणारच.

११ ऑगस्ट

हायस्कूलचा एक मुलगा मला ओलांडून गेला. धावत! मी सोळावर, म्हणजे तो सतराने तरी पळत असणार. टीव्हीवर ऑलिंपिक चालू आहे, पोरं इरेला पेटलीत. या देशाला सुवर्णपदकं उगाच मिळत नाहीत.

१५ ऑगस्ट

ठरवलं. टाउनशिप कौन्सिलला अर्ज करणार. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात ही वाट फक्त सायकलींसाठी असावी. कामावर जाणारा सायकलस्वार सरासरी सोळा मैल वेगाने जातो (सँपल एकाच माणसाचं, पण निरीक्षणं रोजची आणि दर्जेदार). त्या वेगाने पासष्ट किलोचा ज्येष्ठ नागरिक आणि नव्वद किलोचा मी यांची टक्कर झाली तर काय होईल याचं गणित चार तक्त्यांत मांडलंय. डगने सही केली. हसत होता, पण केली.

मालिनीला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, मला वाटलं स्तुती करेल.

"अवधूत, ही तीच वेळ आहे. दुपारी ऊन असतं, त्यानंतर ही सगळी माणसं नातवंडांना सांभाळतात. आईला दिवसभरात तेवढंच तर आहे."

"मागचं अंगण आहे की."

"अंगणात काय, प्रदक्षिणा घालू दे तिला? आपल्या डेव्हलपमेंटबाहेर फूटपाथ नाही. गाडी येत नाही, इंग्लिश येत नाही. त्या वाटेवर तिला सहा माणसं भेटतात. ती वाट गेली तर ती इथे राहील कशाला?"

भावनेचा प्रश्न सेफ्टीत आणला की असंच होतं. मी तिला तिसरा तक्ता पुन्हा दाखवला. ती उठून भांडी घासायला गेली. डिशवॉशर रिकामा होता.

६ सप्टेंबर

मंडळाचा गणपती. हायस्कूलच्या हॉलमध्ये आरतीनंतर माझ्या अर्जाचीच चर्चा. तरुण मंडळी "बरं झालं यार" म्हणाली, त्यांचे आईवडील प्रसाद वाटायला लागले. नरेंद्रकाकांनी मोदक पुढे केला आणि म्हणाले, "अवधूत, आम्ही एका बाजूने चालतो की. ओळीने चालतो. शाळेतल्यासारखे." मी म्हटलं, "काका, प्रश्न तुमचा नाही, वेगाचा आहे." सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मला वाटलं, आता आपला पक्ष घेऊन काहीतरी बोलतील. पण त्यांनी फक्त मला आणखी एक मोदक वाढला.

२० सप्टेंबर

परवा कौन्सिलची मीटिंग. आज ज्ञानदा आपणहून म्हणाली, बाबा, मी येते तुझ्याबरोबर सायकलवर. तिच्या सायकलला तिच्या मित्राने दिलेला कॉम्प्युटर आहे. तळ्याला एक चक्कर मारली, अगदी शेजारी-शेजारी. माझा सोळा दाखवत होता, तिचा आठ.

"बाबा, दॅट्स वीअर्ड."

"तुझा खराब आहे. स्वस्तातला असणार."

"इट्स द सेम ब्रँड."

दोन यंत्रांत फरक आला तर अनुभवी माणसाचं यंत्र ग्राह्य धरतात, हे मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती, माझ्या पुढच्या चाकाकडे बघत होती.

घरी आल्यावर अंघोळ करून खाली आलो तर गॅरेजमध्ये ती आणि सासूबाई माझ्या सायकलपाशी उकिडव्या बसलेल्या. ज्ञानदा चाक हाताने फिरवून काहीतरी दाखवत होती आणि तोंडावर हात दाबून हसत होती. सासूबाई हसत नव्हत्या. "बाबांना आत्ता काही बोलू नकोस," एवढंच कानावर पडलं, "आणि चारचौघांत तर मुळीच नको." पोरीने पुन्हा फाटकी जीन्स आणली असणार. आजी आहे म्हणून तिला कुणीतरी वळण लावतंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

जिंकलो! सविस्तर लिहितो.

हॉल भरला होता. एका बाजूला ज्येष्ठ मंडळी धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांत, जशी काही एखाद्या मुंजीला आलेली. त्यांच्यात सासूबाई, आणि दुभाषी म्हणून ज्ञानदा. मी चारही तक्ते पडद्यावर दाखवले. मग नरेंद्रकाका उठले. "मॅडम, वुई आर वॉकिंग ओन्ली. वुई आर नॉट डुइंग एनीथिंग." बसताना त्यांची खुर्ची सरकली तेव्हा ज्ञानदाने ती धरली.

अध्यक्षबाई जरा विरघळल्यासारख्या वाटल्या. त्या म्हणाल्या, आकडे ठीक आहेत, पण रोज चालणाऱ्यांपैकी कुणाला खरंच भीती वाटते का, ते ऐकायचंय. आणि नेमकं सासूबाईंकडे बोट केलं. "मॅम, डू बायसिकल्स गो टू फास्ट ऑन दॅट पाथ? दिस जंटलमन, फॉर एक्झाम्पल?"

ज्ञानदाने मराठीत सांगितलं. मग सांगता सांगता एकदम मोठ्याने इंग्लिशमध्ये सुरू झाली, "ॲक्च्युअली, कॅन आय जस्ट से समथिंग, माय डॅड्स बाइक..." सासूबाईंनी तिचा दंड धरला. चांगला घट्ट धरला असणार, कारण पोरगी गप्प झाली. सासूबाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. सबंध हॉल त्यांच्याकडे बघत होता. नरेंद्रकाका त्यांच्याकडे असे बघत होते की जणू आता निकाल लागलाच.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांग, आमचे जावई फार जोरात जातात."

ज्ञानदा काही बोलेना. अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "शी सेज... ही गोज व्हेरी फास्ट."

ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. सासू असावी तर अशी! स्वतःचं फिरणं गेलं तरी खोटं बोलली नाही. गाडीत त्यांना म्हटलंसुद्धा, "आई, तुम्ही आज माझी बाजू राखलीत." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "राखायलाच पाहिजे हो. चारचौघांत जावयाची मान खाली गेली तर माझी मुलगी कुठे बघणार?" मान खाली जाण्याचा प्रश्न कुठे आला, ते काही कळलं नाही.

२९ सप्टेंबर

वाटेच्या दोन्ही टोकांना गेल्या बुधवारीच पाट्या लागल्या. सकाळी वाट रिकामी. ॲव्हरेज सोळा पूर्णांक चार! इतकं शांत होतं की स्वतःचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

फलटण आता क्लबहाउसच्या पार्किंग लॉटमध्ये गोल फिरते, गाड्या निघाल्या की थांबून वाट देते. सासूबाई दोन दिवस गेल्या, मग म्हणाल्या, चक्कर येते. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असतात.

२ ऑक्टोबर

सासूबाईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. रविवारी निघतायत. दसऱ्याच्या आधी. मला वाटतं त्यांना साताऱ्याची ओढ लागली असावी, वयोमानाप्रमाणे लागतेच. मालिनी रडली. मी म्हटलं, अगं, त्यांनी स्वतः ठरवलंय, कुणी जा म्हटलंय का? तिने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही.

६ ऑक्टोबर

काल सासूबाईंना नूअर्क विमानतळावर सोडून आलो. परतीच्या वाटेवर मायलेकी मागच्या सीटवर बसल्या, मी पुढे एकटा ड्रायव्हरसारखा. घरी आल्यावर ज्ञानदा सरळ गॅरेजमध्ये गेली आणि परत येऊन एक चुंबक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"देअर वर टू, बाबा. एका राउंडला दोनदा काउंट होतं. यू वर डुइंग एट. द होल टाइम."

मी म्हटलं, तसं नसतं. मग चुंबक उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"आजीला माहीत होतं," मालिनी म्हणाली. "ज्ञानदा तिथे सांगणार होती. आईने सांगू दिलं नाही."

आज सकाळी एका चुंबकाने ऑफिसला गेलो. आठ. अंतर चार मैल, गाडीच्या मीटरइतकंच. म्हणजे ऑफिस पहिल्यापासून चारच मैल होतं. यापुढचा हिशोब मी केला नाही.

मूर्ख ठरलो हे तर झालंच. पण मूर्खपणाला मी चार तक्ते जोडले होते, आणि त्यांवर मतदान झालं. ज्या माणसांना हलताना बघून माझं ॲव्हरेज बिघडत होतं त्यांना मी पार्किंगमध्ये नेऊन कोंडलं, आणि ज्या बाईला हे सगळं एका वाक्यात थांबवता आलं असतं, तिने माझ्यासाठी ते वाक्य गिळलं. लाज वाटते. हे लिहिताना दार लावून घेतलंय.

८ ऑक्टोबर

कौन्सिलला पत्र लिहायला बसलो. "नजरचुकीने" हा शब्द लिहिला, खोडला. "उपकरणातील दोषामुळे" लिहिलं, ते बरं वाटलं, म्हणून तेही खोडलं. पुढची मीटिंग नोव्हेंबरात आहे. तोवर थंडी पडेल, तसंही कोण चालणार? मेमध्ये नवी मंडळी येतील तेव्हा बघू. डगलाही सांगायला हवं. डग तर लिफ्टमध्येच भेटतो, तिथे फार वेळ मिळत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

साताऱ्याला फोन लावला. मालिनी बोलून झाल्यावर मी मागून घेतला. म्हटलं, आज सांगायचंच. कौन्सिलचं, चुंबकाचं, सगळं, आणि मुख्य म्हणजे, आई, चुकलो, हे दोन शब्द. जवळपास कुणी नको म्हणून फोन घेऊन जिन्यावर बसलो.

"प्रवास नीट झाला ना?"

"झाला हो. आज पहाटे वर जाऊन आले किल्ल्यावर. पाय जरा जड झालेत, होतील मोकळे." मग विचारलं, "नरेंद्ररावांचं काय? फिरतात का?"

"फिरतात. पार्किंगमध्येच."

"हं." मी श्वास घेतला, शब्द जुळवले. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "रस्ता आता मोकळा मिळतो ना तुम्हाला?"

"हो."

"मग बरं. तरी सांभाळून, अवधूतराव. फार जोरात जाऊ नका."

आवाजात कुठे खोच नव्हती. शोधली, नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही जात, आई," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, आणि मालिनीला फोन द्यायला सांगितलं.